'बाम्बोच्चोनी' शब्द खरा, कारणं चुकीची

"इटलीतली तिशीची मुलं आईच्या लाडामुळे घर सोडत नाहीत, कायदाही आईबापांना त्यांना जन्मभर पोसायला लावतो, म्हणून तिथे त्यांना बाम्बोच्चोनी, म्हणजे थोराड बाळं म्हणतात." हा दावा खूप फिरतो. तो टिकत नाही.

"ही इटालियन खोड आहे." युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेच्या २०२२ च्या आकड्यांत घर सोडण्याचं सरासरी वय इटलीत ३०, स्पेनमध्ये ३०.३, ग्रीसमध्ये ३०.७ आणि क्रोएशियात ३३.४ आहे. फिनलंडमध्ये ते २१.३ आहे, पण तिथे विद्यार्थ्यांच्या घरभाड्यालाही सरकारी मदत मिळते.

"त्यांना बाहेर पडायचंच नसतं." खरी अडचण भाडेकरारात आहे. नेहमीचा करार चार अधिक चार वर्षांचा, म्हणजे आधी चार वर्षं आणि मग आणखी चार वर्षं वाढणारा असतो. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येते, शिवाय पहिल्या महिन्याचं भाडं आणि एजंटचं कमिशन. घरमालक पगारपत्रक मागतो आणि नोकरी कायम आहे का ते बघतो. काही महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्याला बहुतेकदा वडिलांची हमी आणावी लागते, आणि वडिलांचीच मिळकत तुटपुंजी असली की बोलणी तिथेच संपतात. अशा तात्पुरत्या नोकऱ्यांना १९९७ आणि २००३ च्या कायद्यांनी वाट करून दिली. २०१४ मध्ये तर काम करू इच्छिणाऱ्या १५ ते २४ वयाच्या तरुणांपैकी ४० टक्क्यांहून अधिक बेकार होते. याला आईचा लाड म्हणणं अन्यायाचं आहे.

"कायदा जन्मभर पोसायला लावतो." हे साफ खोटं. इटलीच्या नागरी संहितेचं कलम ३१५-बिस घरात राहणाऱ्या मुलानेच ऐपतीप्रमाणे घरखर्चाला हातभार लावावा, असं सांगतं. सज्ञान मुलाला पोटगी मिळू शकते, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याने स्वतः काम शोधलं पाहिजे, असं ठणकावलं. २०२३ मध्ये पाव्हिया शहरातल्या न्यायालयाने ७५ वर्षांच्या आईच्या अर्जावर ४० आणि ४२ वर्षांच्या दोन मुलांना घर सोडायला लावलं. फिरणाऱ्या मजकुरात हाच खटला पुरावा म्हणून देतात. प्रत्यक्षात तो दाव्याच्या उलट आहे.

मुळात हा शब्द गाजला २००७ मध्ये, तोही घरभाड्याच्याच संदर्भात. अर्थमंत्री तोम्माझो पादोआ-स्किओप्पा यांनी तरुण भाडेकरूंसाठीची करसवलत मांडताना तो वापरला. सवलत होती वर्षाला ९९१.६० युरो, म्हणजे महिन्याला ८३ सुद्धा नाहीत. २०२२ पासून ती भाड्याच्या २० टक्के, कमाल २,००० युरोपर्यंत वाढली. वार्षिक उत्पन्नाची अट मात्र १५,४९३.७१ युरोचीच राहिली, त्यामुळे घर परवडेल असा पगार सुरू झाला की सवलत जाते.