फुल तिकीट

नाना माझे चाळीस रुपये देणं लागतात. हे लिहून ठेवतोय, कारण रक्कम लहान आहे आणि नाना आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतात. अशी उधारी बुडायला वेळ लागत नाही.

गोष्ट गेल्या रविवारची. लातूरहून पहाटे निघायचं, संभाजीनगर गाठायचं, पुढं वेरूळ बघायचं आणि रात्री घरी येऊन झोपायचं. एवढाच बेत. जायला पावणेतीनशे किलोमीटर, वेरूळचे वर तीस, आणि तेवढंच परत. मी बायकोला मोबाइलवर नकाशा दाखवला. म्हटलं, बघ, वीतभर तर आहे. ती म्हणाली, "मोबाइलच वीतभर आहे."

वार ठरवण्यात आठवडा गेला. मंगळवारी वेरूळ बंद असतं. सोमवारी अजिंठा बंद असतं. अजिंठ्याला आम्ही जाणारच नव्हतो, तरी आईनं सोमवार बाद केला, उगीच कशाला म्हणून. गुरुवारी तिचा उपास. शनिवारी बायकोचं ऑफिस. राहिला रविवार. पण आमच्याकडं पंचांगाच्या वर एक पंचांग असतं, नळाचं. नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरात एक माणूस लागतो, मग लग्न असो की मयत. पाण्याच्या बाबतीत लातूरकराला हसू नये. २०१६ साली आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय. तेव्हापासून आई कुठंही निघाली की डिकीत वीस लिटरचा जार ठेवते. भर पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलो तेव्हाही ठेवला होता, आणि भरलेलाच परत आणला.

तर मी ओल्या फडक्यानं गाडी पुसत होतो आणि नाना जिना उतरले.

नाना म्हणजे एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. वय अडुसष्ट. खांद्यावर पंचा, हातात अडकित्ता. निघणाऱ्या माणसाला 'कुठं' असं विचारू नये, हे ते कटाक्षानं पाळतात. बाकी सगळं विचारतात.

"सर, बेत लांबचा दिसू लालाय."

(मी मास्तर नाही. विम्याच्या ऑफिसात कारकून आहे. पण लातुरात क्लासेस इतके झालेत की शर्ट इन केलेल्या कुणालाही सर म्हटलं तर शंभरात साठ वेळा बरोबर येतं.)

"वेरूळला, नाना."

"मुक्काम?"

"नाही. जाऊन येऊन."

नाना पायरीवर बसले. एक अख्खी सुपारी अडकित्त्यात धरली आणि कातरली नाही. "जाऊन येऊन," ते म्हणाले. "म्हणजे वस्तीची गाडी तुम्ही फेरीवर टाकू लालाव."

"सहाशे किलोमीटर आहे. लोक करतात."

"ड्रायव्हर किती?"

"मी एकटाच."

"डबल ड्युटी." कट्. सुपारीचे दोन तुकडे झाले. "थांबे कोणकोणते धरलेत?"

मी म्हटलं, थांबे असे काही धरले नाहीत, वाटलं तिथं थांबू. हे मी बोलायला नको होतं. नानांनी डोळे मिटले आणि एका श्वासात म्हणाले, "रेणापूर, बर्दापूर, अंबाजोगाई, अंबाजोगाईला दहा मिनिटं, लोखंडी सावरगाव, होळ, केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, बीडला जेवण अर्धा तास, पाडळसिंगी, गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ, संभाजीनगर." डोळे उघडले. "आता सांगा, ह्यातलं कोणतं गाळणार?"

"होळला आपलं काय काम आहे, नाना?"

"उतरणारं कोणी असलं तर?"

"घरची गाडी आहे! माझी आई, बायको आणि पोरगी. होळला कोण उतरणार?"

"असं म्हणू नका, सर." त्यांचा आवाज खाली आला. "एकोणनव्वद साली मी असंच म्हणलो होतो. होळची एक म्हातारी, मागच्या सीटवर, झोपली. मी घंटी मारली नाही, गाडी थांबली नाही. केजला उठली आणि मला काय काय बोलली, ते तुमच्या आईसमोर सांगता येत नाही. तिला परतीच्या गाडीत बसवलं. तिकीट माझ्या खिशातून. दोन रुपये वीस पैसे." कट्. "दिले नाहीत अजून."

मला वाटलं विषय संपला. पण नाना आता ड्युटीवर आले होते.

"त्यापेक्षा एसटीनं का जात नाही? हिशेब बघा ना. मावशीला सत्त्याहत्तर झाली. पंचाहत्तरीच्या वर तिकीटच नाही, २०२२ पासून. फुकट. वहिनीला अर्धं, मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं. पोरगी दहाची, अर्धी. मी पासष्टच्या वर, मला अर्धं."

"तुम्ही कशाला?"

"मग रस्ता कोण सांगणार?" इथं नानांनी अडकित्ता माझ्यावर रोखला. ज्या नजरेनं त्यांनी तीस वर्षं विनातिकीट प्रवासी हुडकले असतील, त्याच नजरेनं मला खालीवर बघितलं. "ह्या घरात फुल तिकिटाचा माणूस तुम्ही एकलेच."

आई ओट्यावर शेंगा फोडत होती. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. "माझं खरंच फुकट?" तिनं दोनदा विचारलं. बायको दारात उभी राहून हसत होती. त्या संध्याकाळी पोरीनं चहा आणून ठेवला तो "फुल तिकीट, चहा" म्हणतच. अजून म्हणते. घरात कमावतो कोण, ईएमआय भरतो कोण, तर फुल तिकीट. सवलत कशाचीच नाही. पंचेचाळिशीतल्या पुरुषासाठी अजून कुणीही कसलीच योजना काढलेली नाही, हे मी इथं नमूद करतो.

नानांचा एसटीबद्दलचा अभिमान हा वेगळा विषय आहे. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, हे कुणी त्यांच्यासमोर काढलं की ते खवळतात. "आपण तवा निजामात होतो," म्हणतात. "आपल्याकडं त्याच्या आधी सोळा वर्षं निजामाची बस होती. १९३२ ला. सत्तावीस गाड्या. पुणेवाले तवा टांग्यात होते." पुणेवाले तेव्हा कशात होते ते मला माहीत नाही, पण त्या सत्तावीस गाड्या नाना घरच्या बैलजोडीसारख्या सांगतात.

एसटीचा बेत मी हाणून पाडला, पण तडजोड म्हणून नाना आणि काकू आमच्या बेतात आले. आणि बेत फुगायला लागला. 'वाटेतच आहे' ह्या दोन शब्दांनी मराठवाड्यात जेवढं पेट्रोल जाळलंय तेवढं कशानंच जाळलं नसेल. योगेश्वरी अंबाजोगाईलाच, म्हणजे वाटेतच. परळी तिथून पंचवीस किलोमीटर आत, म्हणजे जवळजवळ वाटेतच. वेरूळला घृष्णेश्वर आहेच, मग परळीचा वैजनाथ धरून दोन ज्योतिर्लिंगं एका दिवसात होतात, तर औंढ्याचं तिसरं कामून सोडायचं, असं काकूंचं म्हणणं. औंढा हिंगोली जिल्ह्यात, पार दुसऱ्या अंगाला. पोरीला देवगिरीची अंधारी बघायची. बायकोला पैठण, कारण पैठणी. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून ह्याच दौलताबादला आणली म्हणून लोक त्याला अजून हसतात. पण त्यानं निदान वाटेतली देवळं जोडली नव्हती.

मधेच कुणीतरी सांगितलं की घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं. बायकोनं माझ्या पोटाकडं बघितलं. "तुम्ही बाहेरच थांबा," म्हणाली. हे तिचं वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून घेतलं.

वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, आधी कळस मग पाया. आमच्या बेताचंही तेच चाललं होतं. वरून रोज काहीतरी नवं चढत होतं, आणि निघायचं किती वाजता हे शुक्रवारपर्यंत कुणीच ठरवलं नव्हतं.

एक गोष्ट मी कुणाला बोललो नव्हतो. संभाजीनगर आमच्या विभागाचं ठिकाण. आमच्याकडची माणसं तिथं जातात ती कामानं. आयुक्तालय, विद्यापीठ, घाटी दवाखाना, आणि १९८१ पासून हायकोर्टाचं खंडपीठ. वडिलांचा बांधाचा दावा तिथपर्यंत गेला होता. अकरा वर्षं ते तारखेला जात. रात्रीची गाडी, पहाटे बसस्टँडच्या नळावर तोंड धुवायचं, शर्ट बदलायचा, आईनं बांधून दिलेली भाकरी झाडाखाली खायची, 'पुढची तारीख' ऐकायची आणि रात्रीच्या गाडीनं परत. तिथून वेरूळ तीस किलोमीटर. आई दर वेळी विचारायची, बघितलं का? ते म्हणायचे, "पुढच्या तारखेला बघू." दावा संपला, तेही गेले. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरची समृद्धी आता पूर्ण झालीय, आठ तासांत इकडून तिकडं म्हणतात. जालन्यावरून, संभाजीनगरवरून जाते. आम्हाला आमच्याच विभागाच्या गावाला पावणेतीनशेला सहा तास लागतात, आणि बायकामाणसं बरोबर असली की पहिला प्रश्न रस्त्याचा नसतो, संडास कुठं बरा आहे हा असतो. त्याचं उत्तर नानांच्या यादीत होतं. फक्त बीड आणि अंबाजोगाई. तेही, नाना म्हणाले, "नाक धरून."

तर मला एकदा काही काम नसताना तिथं जायचं होतं. एवढंच.

शनिवारी रात्री साडेनऊला पाणी सोडणाऱ्याचा निरोप आला: उद्या नळ.

घरात शांतता पसरली. मग सगळ्यांनी एकदमच माझ्याकडं बघितलं नाही, हे कबूल करतो. एकेक करून बघितलं. आई म्हणाली, बेत रद्द करू. नाना म्हणाले, गाडी एकदा फलाटाला लागली की फेरी रद्द होत नसते. बायको म्हणाली, चालवायला मी आहे. (ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. हे कुणी विचारलेलं नव्हतं.) मी म्हटलं, आपण सहा जण होतो, तसंही दाटीवाटीनंच बसणार होतो ना? नाना म्हणाले, "पाच सीटची गाडी आहे. उभ्यानं जायची परमिशन नाही."

सकाळी चारचं निघणं सहाला झालं. नाना पुढच्या सीटवर. माझ्या सीटवर म्हणवत नाही, कारण माझी सीट स्टेअरिंगची, तिथं बायको. मागं आई, काकू आणि पोरगी. डिकीत जार. मी गेटपाशी उभा, नानांच्या घराची किल्ली माझ्या हातात, कारण "भरूलालावच तर वरची टाकी पण भरा." मी खिडकीशी वाकून, शेवटचं म्हणून, म्हटलं की पोरीला मांडीवर घेतलं तर मी मावू शकतो. नानांनी काच खाली केली. माझ्याकडं बघितलंही नाही. समोर रस्त्याकडं बघत म्हणाले,

"मागून रिकामी गाडी येऊ लालीय."

आणि डॅशबोर्डवर बोटानं दोनदा ठोकलं. टक टक. डबल बेल. बायकोनं गिअर टाकला.

आयुष्यभर हे वाक्य मी फाट्याफाट्यावर ऐकलंय. मागून रिकामी गाडी कधीच येत नाही. पण स्वतःच्या गाडीच्या खिडकीत, स्वतःच्या गेटसमोर ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. सहा वाजून वीस मिनिटांनी नळ आला. असा फोर्सनं मी गेल्या दोन वर्षांत बघितला नव्हता. पाइप हातातून सुटून तुळशीभोवती नाचत होता. हौद, टाकी, नानांची टाकी, पिंप, बादल्या, कुकर, सगळं साडेसातला भरून झालं. मी फोन लावला. म्हटलं, कुठं आहात, मी बसनं अंबाजोगाईला येतो, योगेश्वरीचं दर्शन होईपर्यंत थांबा. फोन नानांनी घेतला. मागं आई काहीतरी म्हणत होती. "मावशी, थांबा," ते तिला म्हणाले, आणि मला म्हणाले, "सर, टायमिंग बिघडतं."

मग दिवसभर मी घरात. चहूकडं पाणी. दुपारी दोनला पोरीनं फोटो पाठवला: कैलास लेण्याच्या अंगणातला दगडी हत्ती, त्याच्याजवळ आई. पायातल्या चपला काढून हातात धरलेल्या, तिला कुणी काढायला सांगितल्या नसताना. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. कडेला नानांचा अर्धा पंचा आलाय.

परळी, पैठण, देवगिरी, काहीच झालं नाही. रात्री एकला गाडी आली. आई जारसकट उतरली, जार भरलेलाच. पेट्रोल चार हजारांच्या पुढं गेलं होतं, ते बायकोनं माझ्या कार्डावरून भरलं होतं. मी सगळ्यांच्या पिशव्या आत नेल्या. नाना जिन्यापाशी थांबले, खिशातून धाब्याच्या बिलाचा कागद काढला आणि उजेडात धरला.

"हिशेब घ्या. वेरूळला माणशी चाळीस, पोरगी पंधराच्या आत, तिचं नाही. वहिनीनं पाच जणांचे धरून दोनशे दिले होते माझ्याजवळ. तिकिटं चारच लागली. चाळीस राहिले."

मी हात पुढं केला.

नानांनी कानावरचं पेन काढलं, कागद उलटा केला, मागं '४०' लिहून त्याला गोल केला आणि माझ्या हातात दिला.

"सुट्टे नाहीत," ते म्हणाले. "उतरताना घ्या."