‘शुगर-बीपीवाल्यांनी लस घेऊ नये’ हा मेसेज साफ उलटा आहे

या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. “शुगर, बीपी, दमा, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी कुठलीच लस घेऊ नये. शरीर आधीच कमजोर, लस सोसत नाही. शुगर वाढते, अटॅक येतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्त थांबत नाही. फ्लू म्हणजे साधी सर्दी, काढा पुरे.” खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही की गाव नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात माझं औषधांचं दुकान आहे. ज्यांच्यासाठी हा मेसेज लिहिलाय ती माणसं दर महिन्याला माझ्या काउंटरवर येतात. परवा एका आजोबांनी शुगरच्या गोळ्या घेता घेता फोन पुढे केला, “भाऊ, माले आधीच शुगर शे, वरतून सुई कसाले?” मागे गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

“शरीर कमजोर, लस सोसत नाही.” फ्लूच्या इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो. न्यूमोनियाच्या लसीत जिवाणूच्या आवरणाचा नुसता अंश असतो. दोन्हींपासून तो आजार होऊच शकत नाही. शरीर कमजोर असतं हे मात्र खरं, आणि लस हवी ती त्यासाठीच. साखर वर्षानुवर्षं वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची ताकद घटते. मग जो न्यूमोनिया शेजारच्या धडधाकट माणसाला आठ-दहा दिवस झोपवतो, तोच शुगरवाल्याला आयसीयूत नेतो. 2021 आठवा. 1 मार्चला कोरोनाची लस साठीच्या वरच्यांना खुली झाली, आणि त्यांच्याबरोबर 45 ते 59 वयाच्या आजारी माणसांना. 20 आजारांची यादी होती, डॉक्टरांचा दाखला लागायचा. त्याच वयाच्या निरोगी माणसाला 1 एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. आजाऱ्यांना रांगेत पुढे घेतलं होतं, मागे नाही.

एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूने सांगायलाच हवी. गोवर-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप यांच्या लसी जिवंत असतात. केमो चालू असलेल्यांना, किडनी बदललेल्यांना, मोठ्या डोसचं स्टेरॉइड घेणाऱ्यांना त्या सहसा देत नाहीत. पण हा थोड्या लोकांचा, थोड्या लसींचा नियम आहे. तो गावातल्या प्रत्येक शुगरवाल्याला लावला, तिथे सगळा घोटाळा झाला.

शुगर वाढते का? एखाद-दोन दिवस थोडी वाढू शकते, घरच्या मशीनवर दिसतेही. खरा फ्लू झाला तर काय होतं ते मी दर पावसाळ्यात पाहतो. ताप, अन्न जात नाही, गोळ्या बंद, आणि चौथ्या दिवशी साखर चारशेवर. यातलं निवडायचं काय?

अटॅकची भीती सगळ्यात खोल बसली आहे, म्हणून जरा थांबतो. कॅनडातल्या ऑन्टारिओत तपासणीने फ्लू पक्का झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, 2018 मध्ये छापून आला. फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहा पट आढळला. म्हणजे अटॅक ओढवून आणतो तो फ्लू. पुढे अडीच हजारांवर हृदयरुग्णांवर चाचणी झाली. अटॅक येऊन दवाखान्यात आलेल्यांपैकी निम्म्यांना तिथेच फ्लूची लस, निम्म्यांना खोटी सुई. वर्षभरात लसवाल्यांमध्ये मृत्यू कमी झाले. 2021 चा निकाल आहे. कोव्हिशील्डबद्दल 2024 मध्ये आलेल्या बातमीने लोक हादरले, ते मी समजू शकतो. रक्ताच्या गाठींचा तो दुर्मीळ त्रास खरा आहे. पण तो लस घेतल्यावर काही आठवड्यांतच दिसायचा, वर्षांनी नाही, आणि फ्लूची लस त्या पद्धतीने बनतच नाही.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. बारीक सुई वापरतात, मग जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरायची. बस.

मेसेजमध्ये सिकलसेलचं नाव नाही, पण तो धडगाव-अक्कलकुव्याच्या ग्रुपवरही फिरतोय आणि मला राग आला तो याचाच. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापाकडून येणारा आजार. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. सिकलसेलच्या मुलाची पाणथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होत जाते. रक्तातले जंतू गाळायचं काम तिचं, त्यामुळे न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस जिवाणू अशा मुलाला काही तासांत गाठू शकतो. त्याच्यासाठी न्यूमोनियाची आणि मेंदूज्वराची लस हा जीव वाचवणारा उपाय आहे. बाळांच्या सरकारी लसीकरणात न्यूमोनियाची लस आता आहे. पण त्याआधी जन्मलेली मुलं सुटली. घरात सिकलसेलचं कार्ड असेल तर ही लस झालीय का, एवढं आज विचारा. ‘कुठलीच लस नको’ हे वाक्य त्या आईपर्यंत पोचलं तर काय होईल, याचा फॉरवर्ड करणाऱ्याने विचार करावा.

“साधी सर्दी”, तर 2009 चा स्वाइन फ्लू आठवा. देशातला पहिला बळी पुण्यात गेला. तोच विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूत फिरतो. काढा जरूर घ्या, घशाला बरं वाटतं.

हे मेसेज रुजतात, कारण त्याआधी कुणी काही सांगितलेलंच नसतं. शुगरचा माणूस वर्षातून बारा वेळा दुकानात येतो, चार वेळा डॉक्टरकडे जातो, आणि लसीचा शब्द कुणी काढत नाही. मीही अनेक वर्षं काढला नाही. ज्या दिवशी डॉक्टर स्वतःहून म्हणतात “तुम्ही ही घ्या”, त्या दिवशी बहुतेक लोक घेतात, हे मी काउंटरवरून पाहिलंय. फ्लूची लस दरवर्षी लागते आणि असर यायला दोनेक आठवडे जातात. आपल्याकडे साथ पावसाळ्यात चढते, म्हणून आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर लगेच घ्या, श्रावणातल्या कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरायच्या आत. खाजगीत दीड-दोन हजार लागतात. आधी सरकारी दवाखान्यात शुगर-बीपीवाल्यांसाठी मोफत साठा आलाय का, ते विचारा.

त्या आजोबांचा मुलगा सुरतला असतो. रात्री त्याचा फोन आला, बाबांना काय द्यायचं ते लिहून द्या म्हणाला. मी कागदावर लिहिलं: फ्लू, दरवर्षी. न्यूमोनिया, कोणती आणि कधी ते डॉक्टर ठरवतील. जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत. आजोबांनी कागद शुगरच्या फाईलला टाचणीने लावून घेतला.