खुलासा : ती चित्रे सोलापूरच्या दुष्काळाची नाहीत

‘१९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात काढलेली चित्रे’ म्हणून काळ्या शाईतील, हाडांचे सापळे उरलेल्या माणसांची काही रेखाटने सध्या शहरातील व्हॉट्सॲप गटांत फिरत आहेत. ही माहिती चुकीची आहे. ती चित्रे बंगाली चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य यांची असून, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर जिल्ह्यात हिंडून, भेटलेल्या माणसांच्या हकिकतींसह त्यांनी ती नोंदवली होती.

तपशिलातली ही चूक किरकोळ नाही. युद्धकाळातील सरकारी धोरण, साठेबाजी आणि भडकलेले भाव यांनी लाखो माणसे मारली, हे त्या रेखाटनांचे उघड आरोपपत्र होते. म्हणूनच ‘हंग्री बंगाल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. स्थळ आणि साल बदलले की हा निषेधच पुसला जातो, आणि चित्र केवळ हळहळण्यापुरते उरते.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यानेही फार सोसले. खडी फोडलेले हात आणि सुकडीवर काढलेले दिवस आजही घराघरांत आठवतात. त्या आठवणींना उसन्या चित्रांची गरज नाही. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला असेल, त्यांनी चित्रकाराच्या नावासह ही दुरुस्तीही त्याच गटांत पाठवावी, ही विनंती.