67 विजय आणि न जमणारी जोड: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आकडे खोटं बोलत नाहीत, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये 2007 साली 67 सामने जिंकलेला डॅलस मॅव्हेरिक्स 42 जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, हरला ते निव्वळ नशीब, ‘मॅचअप’ (कुणाची कुणाशी जोड पडते) ही हरल्यावर शोधलेली सबब, आणि सरासरी जास्त गुण करणाऱ्या संघाचं आक्रमण चांगलं, यात वादच नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण तो लगेच निकालात निघतो. 1990-91 च्या मोसमात एनबीएमध्ये सर्वाधिक सरासरी डेन्व्हर नगेट्सची होती, सामन्याला 119.9 गुण. आणि त्यांची कामगिरी? 20 विजय, 62 पराभव. कोच पॉल वेस्टहेड यांनी संघाला इतकं पळवलं की चेंडू हातात आला की काही सेकंदांत शॉट. त्यामुळे समोरच्यालाही तितक्याच जास्त संधी मिळायच्या, आणि त्यांनी सरासरी 130.8 गुण खाल्ले. 119.9 हा आकडा खरा आहे, पण तो संघाचा वेग सांगतो. आक्रमण जोखायचं तर एका पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या एका संधीमागे, किती गुण झाले ते बघावं लागतं. पझेशन मोजायचा ढोबळ हिशेब असा: मारलेले शॉट (पडलेले आणि चुकलेले) अधिक घालवलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोफत फेकींच्या) 0.44 पट, आणि यातून आक्रमक रिबाउंड, म्हणजे आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं, वजा.

आता डॅलस. नशीब नसतंच असं मी कधीच म्हणणार नाही. 2018 च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या (एनबीएच्या अंतिम मालिकेआधीच्या मालिकेच्या) सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग 27 थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, चुकले. त्यात नशिबाचा वाटा मोठा होता, हे मी मान्य करतो. 2007 ची गोष्ट मात्र वेगळी आहे. वॉरियर्सनी त्या मोसमात डॅलसला तिन्ही साखळी सामन्यांत हरवलं होतं. तिसऱ्यात डॅलसनं मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली होती, तो सोडून द्या. तरी दोन उरतातच. म्हणजे तुम्ही जिला सबब म्हणता ती प्लेऑफच्या आधीच सगळ्यांसमोर होती.

वॉरियर्सचे कोच डॉन नेल्सन आधी डॅलसचेच कोच. डॅलसचा मुख्य खेळाडू डर्क नोवित्झ्की त्यांच्याच हाताखाली घडला, त्यामुळे त्याला काय नको असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सात फुटी नोवित्झ्कीवर त्यांनी उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) न घालता स्टीफन जॅक्सनसारखे बुटके पण चिवट खेळाडू घातले. ते त्याच्या कमरेला चिकटून राहिले, त्याला आवडत्या जागी चेंडूच मिळू देईनात. उलट डॅलसच्या सेंटरनं धरावं असा उंच माणूसच समोर नव्हता, म्हणून पहिल्याच सामन्यात डॅलसनं आपला सेंटर बाकावर बसवला. 67 सामने ज्या घडीनं जिंकले, तीच मोडली. सहाव्या सामन्यात नोवित्झ्कीचे 13 पैकी 2 शॉट पडले, एकूण 8 गुण. त्याच मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता!

खासबागेच्या मैदानात जोड लावताना वस्ताद पैलवानानं वर्षभरात किती कुस्त्या मारल्या एवढ्यावर थांबत नाहीत. समोरचा पट काढणारा आहे की ढाक मारणारा, हेही बघतात. हे आपल्या कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, मग बास्केटबॉलला वेगळा न्याय का? 67 हा आकडा बाकीच्या 29 संघांविरुद्धचा एकत्रित हिशेब आहे. प्लेऑफला समोर एकच संघ असतो, आणि तोच सलग सात सामन्यांपर्यंत.

मला खरी तळमळ आहे ती आपल्या पोरांची. इथल्या सामन्यांत टेबलावरच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल लिहिले जातात. रिबाउंड आणि घालवलेले चेंडू त्यात येत नाहीत. मग 20 गुण करणारा पोरगा निवडीत पुढे जातो. त्यासाठी त्यानं किती शॉट वाया घालवले हे कुणी विचारत नाही. आणि समोरच्या सगळ्यात खतरनाक खेळाडूला चार गुणांवर रोखणारा पोरगा घरी बसतो, कारण त्याच्या कामाला कागदावर रकानाच नाही. त्या पोरानं पुढच्या वर्षी काय करावं? बचाव सोडून शॉट मारत सुटावं?

म्हणून मी सामन्याला वही घेऊन बसतो. पुढच्या स्पर्धेला तुम्हीही या. एका संघाची पझेशन तुम्ही मोजा, दुसऱ्याची मी मोजतो, आणि कोण कुणाला धरतोय ते दोघं मिळून लिहू. मग त्या कागदावर बोट ठेवून खुशाल माझ्याशी भांडा.