पोट कापायचं, मग डोकं कशाला?

सर्जननी माझ्या पोटावर दोनदा टिचकी मारली, फाइल मिटली आणि म्हणाले, "छान. आता डोकं दाखवून या." म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशनआधी मानसतज्ज्ञांकडून तपासून या.

घरी हे सांगितल्यावर आईची जपमाळ थांबली. "अरे, कापायचंय पोट ना? मग डोकं कशाला?" आईच्या मते मुळात मी जाड नाहीच. माझं हाड मोठं आहे. आता ११८ किलोंत हाडाचा वाटा किती, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. माझा बीएमआय ४२.३ भरतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी काढलं. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. आकाशातले गोल मोजून झाल्यावर त्यांची नजर जमिनीवरच्या गोलांकडे वळली असावी. १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या शस्त्रक्रियेसाठी ४० ची रेघ आखली, मधुमेहासारखं काही सोबत असेल तर ३५ ची. २०२२ साली या रेघा आणखी खाली आल्या, आणि आशियाई माणसासाठी त्याहूनही खाली. म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही अभ्यासक्रमांत मी लेखी परीक्षा उत्तम गुणांनी पास होतो. अडलं होतं ते तोंडीला.

मेहुण्याने ताबडतोब सूत्रं हातात घेतली. तो विम्याचं काम करतो, त्यामुळे फॉर्म या विषयात त्याचा अधिकार मोठा. "भाऊजी, सगळीकडे 'नाही' लिहायचं. उदास वाटतं? नाही. दारू? नाही. झोप लागत नाही? नाही. कुठेही 'हो' आलं की पुढे तीन पानं जास्त भरावी लागतात."

लेक बंगळुरूला असते. तिने व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी घेतली. तिचं म्हणणं, यात पास-नापास असं काही नसतं. ऑपरेशनमध्ये जठराचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग काढतात, केळ्याएवढी नळी उरते. भूक लागल्याचा निरोप धाडणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूक मंदावते. पण सवय जठरात नसते, ती तशीच शाबूत राहते. म्हणून माणूस खातो का, यापेक्षा का खातो, हे त्यांना आधी बघायचं असतं. शिवाय दारू नंतर लवकर चढते, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, तर हे सगळं निभावणारा माणूस आहे की नाही, तेही. मग आवाज बदलून तिने विचारलं, "भावना अनावर झाल्या की तुम्ही खाता का?"

"कुठली भावना?"

"बाबा, कुठलीही."

इथे मी अडकलो. आमच्या घरात परीक्षेला निघताना हातावर दही-साखर पडायची. पास झालं की पेढे. नापास झालं की आई काही न बोलता शिरा करायची, तोही बदाम घालून. शेजारी कुणी गेलं तर त्यांच्याकडे आमच्याकडून पिठलं-भात जाणार आणि तेराव्याला त्यांच्याकडे लाडू वाढणार. बँकेत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, भावना आणि खाणं यांचं आमच्याकडे जॉइंट खातं आहे, आयदर ऑर सर्व्हायव्हर. त्यातली नुसती भावना वेगळी काढायची म्हणजे खातं बंदच करावं लागेल.

आहाराची डायरी हे आणखी एक प्रकरण. आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभर रोज लिहा म्हणून सांगितलं होतं. मी आदल्या रविवारी संध्याकाळी सातही दिवस एका बैठकीत लिहून काढले. सोमवार: एक फुलका, दुधी, ताक. मंगळवार: एक फुलका, पडवळ, ताक. हिने खांद्यावरून वाचलं. "अहो, आपल्याकडे पडवळ शेवटचं कधी आणलं होतं?" मी पडवळ खोडून घोसाळं केलं.

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झालो. खोलीत आडवं पडायला कोच असेल, दाढीवाले डॉक्टर असतील, अशी माझी समजूत. तिथे साध्या खुर्च्या होत्या आणि लेकीच्या वयाची मुलगी. तिने आधी एक कागद भरायला दिला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. एकूण सत्तावीस, आणि इथे गुण कमी पडलेले बरे. एक प्रश्न होता, थकवा वाटतो का? एक, भूक कमी झालीय किंवा जास्त खाल्लं जातंय का? आठवा तर मला उद्देशूनच काढलेला: इतरांच्या लक्षात येईल इतकी तुमची हालचाल मंदावली आहे का? अहो, तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. माझी हालचाल सगळ्या सोसायटीच्या लक्षात आलेली आहे. मेहुण्याचा सल्ला स्मरून मी नऊही ठिकाणी "अजिबात नाही"वर खूण केली.

तिने कागद पाहिला. मग डायरी चाळली, सावकाश, पानागणिक.

"सर, सात दिवसांत तुम्ही एकदाही चहा घेतला नाहीत?"

घोसाळ्यापर्यंत विचार केलेला माणूस चहा विसरला होता. पुण्यात आठवडाभर बिनचहाचा राहिलेला बँक कर्मचारी! सत्तावीसपैकी शून्य गुणांपेक्षा हे जास्त काळजीचं लक्षण. मी म्हटलं, "डायरी काल लिहिली." ती हसली नाही, रागावलीही नाही. डायरी बाजूला ठेवून तिने पेनाचं टोपण लावलं. "रात्री उठून खाता का?"

का कोण जाणे, पण त्या टोपणामुळे मी खरं बोललो. सांगितलं की साडेअकराच्या पुढे, सगळे झोपले की उठतो. दिवा लावत नाही, फ्रिजचा उजेड पुरतो. शिळी पोळी, त्यावर तूप, गूळ. गुळाचा डबा स्टीलचा आहे, झाकण निघताना ठण्णकन वाजतं, म्हणून तो पोटाशी घट्ट धरून उघडायचा, मग आवाज पोटात जिरतो. या पोटाचा एवढा एक उपयोग मला सापडलेला आहे. पोळी उभ्यानेच खायची, ताटली घ्यायची नाही.

"भूक असते तेव्हा?"

"नाही."

"मग?"

"दिवसभर माझ्या पानाकडे सगळे बघत असतात. लग्नात, ऑफिसच्या डब्यात, घरी. त्या वेळी कुणी मोजत नाही."

हे माझं मलाच नवीन होतं. तिने टोपण काढून एक ओळ लिहिली. ती ओळ काय होती ते बघायला मी मान लांब केली, पण आमची मान तेवढी लांब होत नाही.

मग ती म्हणाली, "आपण एक प्रसंग करून बघू. ऑपरेशनला तीन महिने झालेत. तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसलाय, दोन-चार घासांत पोट भरलंय. मी वाढायला आलेय." आणि एकदम सूर बदलून, कमरेत वाकून, हातात नसलेलं ताट पुढे करत, "घ्या हो काका, एकच जिलबी! आमच्या हातची नाही घेणार?"

मी शिस्तीत दोन्ही हात पानावर आडवे धरले. नको, नको, खरंच नको.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट यांच्यामध्ये बरोबर एक जिलबी जाईल एवढी फट होती. ही फट मी ठेवली नव्हती. ती आमच्या घराण्यात चालत आलेली आहे.

"नापास का?" मी विचारलं.

"नापास नाही. तीन आठवड्यांनी या, मॅडमना घेऊन. डायरी खरी लिहा. आणि खाल्लेल्याच्या शेजारी एक रकाना आखा, त्या वेळी काय वाटत होतं त्याचा."

बाहेर आलो तेव्हा कॅन्टीनमध्ये घाणा नुकताच उतरत होता.

घरी येऊन पहिलं काम केलं ते पट्टी घेऊन रकाना आखण्याचं. तारीख, वेळ ११.४०. चहा, १. बटाटेवडे, २. भावनेच्या रकान्यात आधी "सुटका" लिहिलं, मग "सुटका व काळजी" केलं. ही समोर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शर्टावर चटणीचे तीन डाग आहेत हो."

२ चा ३ करायला फारसं खोडावंही लागत नाही.