वर्गणी भरूनही जाहिराती का दिसतात, या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या डिजिटल साप्ताहिकाला आपण एक तारा दिलात आणि लिहिलेत की, वर्षाची वर्गणी भरल्यानंतरही लेखांमध्ये जाहिराती दिसतात, म्हणजे आम्ही एकाच लेखाचे पैसे दोनदा वसूल करतो. वाचनात आलेल्या व्यत्ययाबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. लेख रंगात आलेला असताना आपोआप सुरू होणारी चित्रफीत कोणालाही नकोशी वाटेल.

मात्र दोनदा वसुली केल्याचा आरोप माझ्या जिव्हारी लागला आहे आणि तो चारचौघांत झाला असल्यामुळे त्याचे उत्तरही इथेच देणे मला भाग आहे. अंक काढण्याचा खर्च एकच असतो. त्यातला एक वाटा वर्गणीदार उचलतो आणि दुसरा जाहिरातदार. छापील दैनिक विकत घेणारा वाचकही त्यात जाहिराती पाहतच आला आहे. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द सन’ हे दैनिक एका सेंटला मिळू लागले, तेव्हा तिथली प्रस्थापित दैनिके सहा सेंटला विकली जात होती. ही स्वस्ताई वाढलेल्या खपाच्या आणि त्यामागोमाग आलेल्या जाहिरातींच्या जोरावरच टिकली. उलट त्याच शहरात १९४० साली निघालेल्या ‘पीएम’ या दैनिकाने जाहिराती न घेण्याचे ठरवले होते. त्याची किंमत इतरांपेक्षा जास्त होती, तरीही ते एका धनिकाच्या पैशावर तगून राहिले, १९४६ मध्ये त्याला जाहिराती घ्याव्या लागल्या आणि १९४८ मध्ये ते बंद पडले. आमच्या पाठीशी तर असा कोणी धनिकही नाही.

जाहिरातींतून आम्ही गब्बर होत आहोत, असेही आपल्या लिहिण्यातून सूचित होते. आपण ज्या चित्रफितीबद्दल लिहिलेत, तशा जाहिरातींची जागा पान उघडताक्षणी स्वयंचलित लिलावात विकली जाते आणि जाहिरातदाराने मोजलेली रक्कम अनेक मध्यस्थांच्या हातून आमच्यापर्यंत पोहोचते. ब्रिटनमधील ‘इस्बा’ या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण कंपनीकडून करून घेतलेल्या २०२० च्या अभ्यासात असे दिसले की, जाहिरातदाराच्या खर्चातला सरासरी ५१ टक्केच भाग प्रकाशकाच्या हाती पडतो. आणि त्या अभ्यासातले प्रकाशक आमच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. आमच्या हाती जे पडते, त्यातून वार्ताहरांचे मानधन, मुद्रितशोधन आणि सर्व्हरचे भाडे भागवायचे असते. जाहिराती पूर्ण थांबवल्या तर वर्गणी इतकी वाढवावी लागेल की, आज कशीबशी ती भरणारे वाचक आधी गळतील, आणि मला नेमके तेच वाचक गमवायचे नाहीत.

वर्गणीदारांनाही मर्यादित जाहिराती दिसतील, हे पैसे भरण्याच्या पानावर बटणाच्या वरच लिहिलेले आहे. तरीही वर्ष संपत आल्यावर, त्या काळातले अंक वाचून झाल्यावर, आपण पूर्ण रक्कम परत मागावी याचे मला वाईट वाटले. एवढेच नम्रपणे नोंदवतो.

आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती वर्गणीदारांसाठी कमी करण्याविषयी तांत्रिक सहकाऱ्यांशी बोलणे चालू आहे आणि जाहिरातमुक्त वर्गणीचा वेगळा पर्यायही विचाराधीन आहे. उरलेल्या मुदतीची रक्कम परत हवी असल्यास कृपया वर्गणी विभागाला कळवावे, ती विनातक्रार दिली जाईल. आपला एक तारा तसाच राहिला तरी माझी हरकत नाही. दोनदा वसुलीचे वाक्य मात्र आपण मागे घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
प्रकाशक