जुनी मरिना घेताय? बॉनेट उघडू नका

बैलबाजारात तुम्ही गोऱ्ह्याचं तोंड उघडून दात मोजता, दहा पावलं चालवून पाहता. वावर घ्यायचं तर सातबाऱ्यावर बोजा आहे का ते दोनदा बघता. ठीकच आहे, बैल आणि वावर स्वतःहून काही सांगत नाहीत. जुन्या गाडीचं तसं नसतं. तिच्याजवळ मालक उभा असतो आणि तो "भाऊ, डोळे झाकून घ्या" म्हणतो. मग झाकावेत. त्याच्या घरचा चहाही झालेला असतो.

टाटाच्या इंडिगो मरिनाची, म्हणजे मागे लांब डिकी असलेल्या स्टेशन वॅगनची निवड मात्र झकास. 2004 साली आलेली, 1405 सीसीचं डिझेल इंजिन आणि पाय पसरून झोपता येईल अशी डिकी. बघायला मे महिन्यात जा, भर दुपारी. पारा 45 वर असला की हीटर प्लग (गार डिझेल इंजिन तापवून चालू करणारे) मेलेलं इंजिनही पहिल्या सेल्फला चालू होतं. डिसेंबरात सकाळी सहाला गेलात तर गार इंजिन पाच-सहा सेल्फ खातं, पांढरा धूर सोडतं आणि सोयरीक मोडते. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट गरम लागलं तर ऊन समजा.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून पाहू नका. तिथून चुलीसारखा भकभक धूर आला तर इंजिनाच्या आतल्या रिंगा-लायनर झिजले, म्हणजे इंजिन उतरवावं लागणार. एवढं कळून जेवण गोड लागत नाही. सायलेन्सरच्या निळ्या धुराचंही तेच: ऑइल जळतं आहे. रेडिएटरचं झाकण तर इंजिन गार असतानाही उघडू नका (गरम असताना खरंच उघडू नका, तोंड भाजतं). गाडी अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातली असली आणि कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यालेली असली, तर आत विटकरी गाळ आणि नळ्यांत क्षार दिसेल. अशी गाडी गावातल्या गावात थंड राहते, घाटात तापमानाचा काटा वर जातो. तुम्हाला घाटात जायचंच कशाला?

आता डिकी. स्टेशन वॅगनची खरी कुंडली इथे लिहिलेली असते, म्हणून इथे अजिबात हात घालायचा नाही. डिकीचा दरवाजा बैलबंडीच्या उभारीच्या दांड्यावर टेकवून ठेवला असेल तर मालकाच्या कल्पकतेला दाद द्या, गॅसचे शॉकअब गेले असं मनात आणू नका. कार्पेट उचलायचं नाही. या डिकीतून पोटॅश आलं, डीएपी आलं, सोयाबीन गेलं. पोती गळतात, खताचे खडे कार्पेटखाली जातात, मागच्या दरवाजाच्या कुजलेल्या रबरातून पावसाचं पाणी येतं आणि दोन्ही मिळून पत्रा खातात. बोटाने दाबलं तर पापडासारखा आवाज येतो, आणि स्क्रूड्रायव्हर टोचला तर खालची काळी माती दिसते. तीच माती मागच्या चाकांच्या कमानीत गच्च बसून आठ-आठ दिवस ओल धरते, म्हणून गंज तिथेही. त्यावर लांबी (पुट्टी) भरून नवा रंग मारलेला असतो. साधं लोहचुंबक पत्र्याला चिकटतं, जाड लांबीवरून घसरतं. चुंबक घरीच ठेवा.

सपाट जागी बाजूने पाहिलं आणि रिकाम्या गाडीची मागची बाजू बसलेली दिसली, तर ती नम्र आहे. कोपरा जोरात दाबून सोडला की चांगले शॉकअब एकदा वर येऊन थांबतात. तीन-चारदा हलली तर गाडी आनंदी आहे. टायरवर चार आकडे असतात, 2317 म्हणजे 2017 चा 23 वा आठवडा. तिकडे बघून मन खट्टू करू नका, टायर काळ्या पॉलिशने छान चमकतो आहे.

चालवताना गाणी मोठ्याने लावा. नाहीतर स्टेअरिंग पूर्ण वळवून फिरवल्यावर पुढच्या चाकातली कटकट ऐकू येईल आणि ड्राइव्ह शाफ्टचा हिशेब सुरू होईल. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडण्याचा आगाऊपणाही नको. क्लच चांगला असेल तर गाडी जागेवर बंद पडते. बंद पडलेली गाडी कोण घेतो?

कागदपत्रांचा तर प्रश्नच नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर गावातल्या दोघांच्या सह्या झाल्या की बास. आरसीवर ज्या आजोबांचं नाव आहे ते वारले असतील तर नमस्कार करा. फॉर्म 31 (मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा) आणि वारसांचे कागद मागून दुखवट्यात भर घालू नका. फायनान्सचा बोजा अजून चढलेलाच असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 मागणं हा संशयीपणा झाला. आरसी पहिल्या पंधरा वर्षांनी संपते, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मरिना घ्यायला निघालात म्हणजे ही तारीख बहुधा उलटलेली किंवा जवळ आलेली असणार. पर्यावरण कर वेगळा. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिलात तर जुळेलही, पण तो शोधत बसावं लागेल आणि हात खराब होतील.

सौदा झाला की हार घाला, नारळ फोडा, चारही चाकांखाली लिंबू ठेवा. लिंबू ठेवताना पहिल्यांदाच खाली वाकाल. इंजिनखाली काळा ओला डाग दिसला तर नारळाचं पाणी समजून पुढे व्हा.